‘शेरा’ या रकान्यातले सहा चेहरे

माझ्या लग्नाची यादी मी लाल पेनने तपासली. गुण तेवढे दिले नाहीत.

यात माझी चूक फारशी नव्हती असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. (आमच्या घरात या मताची मी एकटीच आहे.) ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी डोंबिवलीच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायचे. वर्गात बावन्न मुलं, आणि एकालाही धड वाचता येत नव्हतं. आता ज्याला वाचता येत नाही त्याच्या वहीत ‘छान’ असं लिहून काय उपयोग? सुरुवातीला मी लिहायचे. एक मुलगी ते ‘छान’ बघून दिवसभर रडत बसलेली. तिला वाटलं, बाईंनी लाल पेनने लिहिलंय म्हणजे काहीतरी भयंकर लिहिलंय.

तेव्हा मी डोकं लढवलं आणि चेहरे काढायला लागले. एक गोल, दोन ठिपके, एक तोंड. हसरा चेहरा म्हणजे बरोबर. सरळ रेघेचं तोंड म्हणजे बाईंना येऊन विचार. रडका म्हणजे चुकलं, आणि गालावर जितके थेंब तितक्या वेळा परत लिहून आण. आठ दिवसांत सगळा वर्ग तयार! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बाकीच्या शिक्षकांना मुद्दाम माझ्या वह्या दाखवल्या. मी इतकी फुशारले की घरीसुद्धा चेहरे काढायला लागले. वाण्याच्या यादीवर, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, बाबांच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या चिठ्ठीवर. हात थांबेना.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा ठाण्याचा, खोपटचा, नाव सुधीर. कंपनीत चांगल्या नोकरीला होता, बोलायला गोड होता, आणि पहिल्याच भेटीत त्याने मला “मुलं फार त्रास देतात का हो?” असं न विचारता “मुलांची नावं कशी लक्षात ठेवता?” असं विचारलं. मला आवडला. नुसता आवडला नाही, चांगलाच आवडला. त्याची आई माई, मोजकं बोलणारी. आणि वडील भाऊ, सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कचेरीतून भाऊ निवृत्त झाले होते, पण भाऊंमधून कचेरी निवृत्त झाली नव्हती.

लग्नाआधी दोन्हीकडची मोठी माणसं बसून मानपानाची यादी करतात. कुणाचे पाय धुवायचे, कुणाला लुगडं नेसवायचं, पंगतीला काय वाढायचं, सगळं. भाऊंनी बैठकीच्या आधीच मसुदा पाठवला. पांढरा फुलस्केप, सुंदर अक्षर, डावीकडे समास सोडलेला, सहा कलमं. आणि उजवीकडे उभी रेघ मारून एक रिकामा रकाना. त्यावर लिहिलेलं, ‘शेरा’.

मला सांगा, बाईच्या हातात लाल पेन आहे, समोर रिकामा रकाना आहे आणि त्यावर ‘शेरा’ लिहिलंय. तिने करायचं काय?

तसं मी ते आईला दाखवायला म्हणूनच केलेलं. पहिलं कलम, सीमांतपूजनाला वरपक्षाची चाळीस माणसं. सरळ तोंड काढलं, कारण बाबांना विचारायला हवं होतं. दुसरं, वरमाईचे पाय धुवायला चांदीचं ताम्हन. आमच्याकडे चांदीचं म्हणायला एक निरांजन, तेही तबकाला टेकवून ठेवावं लागायचं. रडका, एक थेंब. तिसरं, मुलाच्या शहाडच्या आत्याला नऊवारी लुगडं. जरूर देऊ. हसरा. चौथं, कानपिळीला मुलीचा भाऊ हजर असावा. माझा चुलतभाऊ सुधीरचा कान पिळायला कधीचा तयार होता. हसरा. पाचवं, विहिणीच्या पंगतीला जिलबी, ताटाभोवती रांगोळी. हसरा.

आणि सहावं कलम. ‘लग्नानंतर मुलीच्या नोकरीबाबतचा निर्णय वरपक्ष घेईल.’

ते कलम मी दोनदा वाचलं. बावन्न पोरं डोळ्यांसमोर आली. मी मोठा रडका चेहरा काढला, तीन थेंबांचा, आणि ते थेंब आत भरून लाल केले.

मग मी शहाण्यासारखी बसून स्वच्छ अक्षरात उत्तर लिहिलं. ‘सर्व कलमे मान्य, फक्त क्रमांक एक, दोन व सहाबाबत बैठकीत बोलू.’ कागदाची घडी घातली, पाकिटात घातली, आईने चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि बाबा दुसऱ्या दिवशी ते स्वतः ठाण्याला देऊन आले.

“काय म्हणाले भाऊ?” आईने विचारलं.

“खूष दिसले. चष्मा पुसून पुसून वाचत होते. मला दोनदा चहा दिला.”

सोमवारी मी घरून तपासून आणलेल्या वह्या वर्गात वाटत होते. एका वहीतून घडी घातलेला फुलस्केप खाली पडला. उचलला, उघडला. ‘सर्व कलमे मान्य.’

मी उरलेल्या वह्या टेबलावर ठेवल्या. हा इथे असेल तर ठाण्याला काय गेलं, हे कळायला पहिलीच्या वरचं शिक्षण लागत नाही.

मधल्या सुट्टीत फाटकापाशी सुधीर उभा. कंपनीतून अर्धी रजा काढून आलेला, रुमालाने मान पुसत होता.

“मंजिरी, अगं, काय पाठवलंयस ते?”

“चुकून गेलं रे! भाऊ रागावलेत का?”

“रागावले असते तर बरं होतं. त्यांनी फाईल उघडलीय.”

“कसली फाईल?”

“तुझ्या नावाची. अगं, त्यांच्या कचेरीत लाल शाईने फक्त मोठे साहेब लिहायचे. छत्तीस वर्षं नोकरी केली भाऊंनी, लाल पेनाला हात लावला नाही. लाल शेरा आला की उठून उभे राहायचे. काल तुझा कागद उघडला आणि सवयीने उभेच राहिले. मग लक्षात आलं की हे तर होणाऱ्या सुनेचं आहे. तेव्हापासून तो कागद समोर ठेवून अर्थ लावतायत.”

“मग? लागला का अर्थ?”

“सगळ्यांचा लागला,” सुधीर खचल्या आवाजात म्हणाला. “पहिल्या कलमाला तोंड मिटलेलं आहे, म्हणजे तुमची हरकत नाही. म्हणून चाळीसची साठ माणसं केलीत.”

“अरे देवा.”

“ताम्हनापाशी तू रडतेयस. माई म्हणाली, पोरीचा ऊर भरून आला, हौशी दिसते. म्हणून ताम्हनाच्या जोडीला चांदीचा तांब्या घातलाय, तुझी हौस राहायला नको.”

“आणि हसरे?”

“ते विचारू नकोस. आत्या शहाडहून आलेली. तिच्या लुगड्यासमोर तू हसतेयस हे तिने बघितलं. ‘माझ्या लुगड्याला हसते काय ही?’ म्हणून चहा न घेता गेली. कानपिळीसमोर हसतेयस म्हणजे मला हसतेयस. आणि जिलबीला हसतेयस म्हणजे आम्ही खादाड.”

मी कपाळावर हात मारला. बावन्न पोरांना जे आठ दिवसांत समजलं, ते ठाण्याच्या तीन मोठ्या माणसांनी बरोब्बर उलटं करून ठेवलेलं. पण माझा जीव अडकलेला सहाव्या कलमात.

“सुधीर, सहावं?”

तो एकदम हळवा झाला. “त्याचं काही टेन्शन घेऊ नकोस. भाऊ म्हणाले, पोर नोकरीला केवढी कंटाळलीय बघा, तीन तीन थेंब. तिला एक दिवससुद्धा राबायला लावायचं नाही. त्यांनी तुझा राजीनामा लिहून काढलाय. कार्बन घालून तीन प्रती. शुक्रवारी स्वतः येऊन मोठ्या बाईंना देणार आहेत.”

“काय? अरे, मला नोकरी सोडायची नाहीये! म्हणून तर रडका काढला!”

“हो?” सुधीर खरोखर चकित झाला. “मला वाटलेलं तो घाम आहे. वर्गात उकडत असेल म्हणून.”

“मग आता जाऊन सांग त्यांना.”

“मी? भाऊंना?” तो एक पाऊल मागे सरकला. (या माणसाने एकदा भाऊंना ‘भूक नाही’ म्हणायचं धाडस झालं नाही म्हणून लागोपाठ दोनदा जेवण केलेलं आहे. हे मला लग्नानंतर कळलं.) “तूच सांग ना. तू बाई आहेस.”

घरी आईबाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “तरीच दोनदा चहा! मला वाटलं माझ्यावर खूष आहेत.” आई मात्र माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “मंजू, माणसं वाईट नाहीत गं. तुझ्या भल्याचंच बघतायत. लग्न होऊ दे, नोकरीचं मागाहून बघता येईल.”

मागाहून काय बघणार? राजीनामा मोठ्या बाईंच्या टेबलावर पडला की माझ्या जागी दुसरी बाई यायला कितीसा वेळ? आणि ‘नाही’ म्हणावं तर जमलेलं लग्न मोडायचं, तेही एवढा बरा मुलगा असताना. मला दोन्ही हवं होतं. सुधीरही हवा होता आणि वर्गही हवा होता. मी ठरवलं, गुरुवारी संध्याकाळी ठाण्याला जायचं आणि भाऊंना समोरासमोर सगळं सांगायचं. काय बोलायचं तेही पाठ केलं, चांगलं तीनदा म्हणून बघितलं.

भाऊ गुरुवारी सकाळीच आले. कामं मुदतीच्या एक दिवस आधी उरकायची त्यांची सवय मला माहीत नव्हती. मी पहिलीला बेरीज शिकवत होते, तेवढ्यात मोठ्या बाई दारात. त्यांच्यामागे काखेत फाईल धरून भाऊ, आणि भाऊंच्या मागे माई.

“मंजिरीबाई,” मोठ्या बाई म्हणाल्या, “तुम्ही शाळा सोडताय? मला बोलला नाहीत ते.”

पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. वर्गाने भाऊंना ‘एक साथ नमस्ते’ केलं. भाऊंनी गडबडून वर्गाला नमस्कार केला आणि फाईलची फीत सोडली. वर यादी, खाली राजीनाम्याच्या तीन प्रती.

“बेटा, तुझ्या भावना आम्हाला पोचल्या,” भाऊ मायेने म्हणाले. “कलम सहासमोरचा शेरा वाचून मी स्वतः अस्वस्थ झालो. फक्त सही कर. पुढची कार्यवाही मी करतो.”

खरं सांगते, एवढी बोलकी मी, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा जिव्हाळा बघून मला ‘नाही’ म्हणता येईना. मग दुसरं काहीच सुचलं नाही म्हणून मी ती यादी उचलली आणि वर्गाकडे वळले.

“मुलांनो, सांगा बघू, हा कुठला?” मी तिसऱ्या कलमासमोरच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“बरोबर!” बावन्न गळे ओरडले.

“हा?” पहिल्या कलमाचं सरळ तोंड.

“बाईंना विचारा!”

“आणि हा?” ताम्हनाचा रडका.

“चुकलं! एकदा लिहून आणा!”

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माई पहिल्यांदाच पुढे आली आणि कागदाकडे वाकून बघायला लागली. मी सहाव्या कलमावर बोट ठेवलं.

“आणि हा, तीन थेंबांचा?”

वर्ग अक्षरशः पेटला. तीन थेंब म्हणजे त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शिक्षा, आणि ती आज दुसऱ्या कुणाला तरी झालेली. “चुकलं! तीनदा लिहून आणा! तीनदा!”

खिडकीशी बसलेली एक चिमुरडी उभी राहून भाऊंना म्हणाली, “आजोबा, काय चुकलं तुमचं?”

मोठ्या बाई छताकडे बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं. ठाणं गेलं, सुधीर गेला, आता हा माणूस फाईलची फीत बांधणार आणि आमच्या घरी नकाराचं पत्र येणार, तेही तीन प्रतींत. डोळ्यांत पाणी आलं. तरी मी म्हणाले, “भाऊ, मी कंटाळून नाही रडले. मला शिकवायला आवडतं. मला हे सोडायचं नाहीये. आणि मला तुमच्या घरीही यायचंय.”

भाऊ कागदाकडे बघत राहिले. तो लाल चेहरा, ते तीन लाल थेंब. छत्तीस वर्षांची सवय त्यांच्या अंगात कुठेतरी जागी झाली असावी. ते सरळ उभे राहिले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “इथे बसून लिहिलं तर चालेल?”

“चालेल,” मी म्हणाले.

“तीनदाच का? कार्बन घातला तर?”

“कार्बन चालणार नाही.” हे माझ्या तोंडून सवयीने गेलं, देवाशपथ!

माई खुदकन हसली. पहिल्या बाकावरची दोन मुलं सरकली. साडेपाच फुटांचे भाऊ गुडघे हनुवटीला लावून त्या बुटक्या बाकावर बसले आणि खिशातलं निळं पेन काढून लिहायला लागले. ‘लग्नानंतर नोकरीचा निर्णय मुलगी स्वतः घेईल.’ एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा लिहिताना त्यांनी शेजारच्या पोरापासून कागद हाताने झाकून घेतला.

मग उठून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी लाल पेनने हसरा काढला. वर्गाने टाळ्या वाजवल्या आणि भाऊंचे कान लाल झाले. राजीनाम्याच्या तिन्ही प्रती मोठ्या बाईंनी पाठकोऱ्या म्हणून ठेवून घेतल्या.

“मी आधीच म्हणत होते, पोरीला विचारा,” माई म्हणाली. “पण ह्यांना फाईल उघडायची घाई. बरं, आता माझं एक कलम लिहा. ही शाळेत जाणार, तर सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. संध्याकाळचा हिच्याकडे.”

भाऊंनी कलम सात लिहिलं. साठ माणसांची पुन्हा चाळीस झाली, तांब्या रद्द झाला, ताम्हन माईने स्वतःच्या घरचं आणलं. आत्यासाठी मी लुगडं घेऊन शहाडला गेले आणि पूर्ण वेळ तोंड सरळ ठेवून बसले, हसायची हिंमत केली नाही. लग्न थाटात झालं. कानपिळीच्या वेळी सुधीर एवढा जोरात ओरडला की भटजी मंत्र विसरले.

लग्नानंतर शाळेचा पहिला दिवस. कलम सात काहीही म्हणो, सासरी छाप पाडायची म्हणून मी पहाटे उठून डब्यासाठी स्वतः फरसबीची भाजी केली. माईने पोळ्या केल्या आणि डबा भरून हातात दिला. मधल्या सुट्टीत उघडते तर झाकणाखाली कागदाचा कपटा, आणि त्यावर लाल पेनने काढलेला चेहरा. हसरा!

मला काय वाटलं सांगू? सासूने पहिल्याच दिवशी ‘बरोबर’ दिलेलं! मी तो कपटा सगळ्या शिक्षकांना दाखवला. भाजीही सगळ्यांना चाखायला दिली. “मंजिरीबाई, हाताला चव आहे हो तुमच्या,” मोठ्या बाई म्हणाल्या. मी आपली नम्रपणे, “जमते आपली थोडीफार.” घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

“माई, भाजी आवडली ना? चेहरा मिळाला तुमचा.”

माई तांदूळ निवडत होती. ती माझ्याकडे बघून पुन्हा हसायला लागली, डोळ्यांना पदर लावून.

“अगं, तुझ्या भाजीत मीठ दोनदा पडलेलं. ती ह्यांना वाढली, ते न बोलता जेवले बिचारे. डब्यात मी नव्याने केलेली फरसबी भरली.”

“मग तो हसरा चेहरा?”

“मला हसू येत होतं गं,” माई म्हणाली, “म्हणून हसरा काढला. त्याचा आणखी काही अर्थ असतो का?”